तळ दिसणारं पाणी

ज्यानं मला वाचवलं तो एक म्हातारा नावाडी होता. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं लिहीत गेलो की माझी फजिती आणि माझी भीती एवढी जागा अडवते की तो माणूस मागं राहून जातो. साठीच्या पुढचा, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली, दाढी वाळलेल्या मिठासारखी. लिबियाच्या किनाऱ्यावर आमचा बांधकामाचा कॅम्प होता, तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर त्याचं घर. तरुणपणी तो समुद्राच्या तळातून स्पंज काढायला बुड्या मारायचा, आणि मी पाहिला तेव्हा छोट्या होडीतून जाळी टाकायचा. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्याचं नाव मला माहीत आहे, पण त्याला न विचारता ते कागदावर घालावं असं वाटत नाही, आणि विचारायला तो आता माझ्यासमोर नाही.

मी शिरूर अनंतपाळच्या बाजूचा. बाहत्तरच्या दुष्काळात सातवीत होतो. घरणी नदीत वाळू तेवढी उरलेली. गावच्या विहिरीत पाणी राहिलं नव्हतं, नुसतं झिरपायचं, आणि झिरपेल तेवढं वाटीनं कळशीत भरायचं. मी अंगानं हलका म्हणून मला दोरानं खाली सोडायचे. आमच्या घराची पाळी नेमकी शाळेच्या वेळेला यायची. आधी मास्तर रागावले, मग रागवायचे थांबले, मग हजेरीतून नाव गेलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण मी काही शाळेत परत गेलो नाही.

त्या विहिरीच्या तळाशी घोटाभर पाण्यात उभा राहून मी जे शिकलो ते पक्कं शिकलो. वरून वाकून बघायचं, खालचा दगडन् दगड दिसला की समजायचं, पाणी घोट्याएवढं आहे. पाणी असलं की तळ दिसत नाही. तळ दिसला म्हणजे पाणी संपलं. आमच्याकडं हे कुणी कुणाला सांगत नाही, ते डोळ्यातच बसलेलं असतं.

पुढं नांदेडला एका मिस्त्रीच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो. अर्धापूरच्या केळीच्या बागांत विहिरी बांधल्या, फुटलेल्या टाक्या चुन्यानं-सिमेंटनं लिंपल्या. कुठून पाणी गळतं ते मला हात फिरवून कळायचं. मिस्त्री म्हणायचे, "ह्याला शाळा न्हाई, पर ह्याच्या बोटाला डोळे हायत." त्याच बोटांच्या जोरावर लिबियाला आलो. येताना विमानातून खाली निळं दिसलं तेव्हा शेजारचा म्हणाला, हा भूमध्य समुद्र. सातवीच्या भूगोलात हे नाव मी वाचलं होतं. नकाशात तो बोटाएवढा होता. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

कॅम्पात आमच्या भागाचे दोघंच. एक मुदखेडचा सुतार, माझ्याच वयाचा. त्याचं घर रेल्वेच्या रुळाला लागून, त्यामुळं त्याला वाटायचं की जग त्यानं पाहिलेलं आहे. दुसरे आमचे स्वयंपाकी, उदगीरचे. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. सहा-सात वर्षं अरबांत राहून त्यांना तिथली बोली येत होती. नावाडी त्यांच्या भटारखान्यात मासळी आणून द्यायचा, तशी दोघांची दोस्ती.

त्या गुरुवारी घरून पत्र आलं. बहिणीनं लिहिलं होतं. सुरुवातीलाच, "आता पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद लिहू नकोस. आपला जिल्हा लातूर झाला. लातूरला फटाके वाजले, आपल्या गावात पाण्याचा टँकर आला तेवढाच." त्या साली पुन्हा पाऊस मागं सरला होता. आणि शेवटी आईचं, जे ती प्रत्येक पत्रात सांगायला लावायची: लिंग गळ्यात आहे ना, पूजा चुकत नाही ना.

आम्ही लिंगायत. जन्मल्यावर गावचे स्वामी गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. रोज आंघोळ केली की डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, आणि मगच तोंडात घास. ते जर अंगावरून गेलं तर परत मिळेपर्यंत, नाहीतर स्वामींनी नवं देईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. आमच्या घरी तरी असंच मानतात. गावात हे जड नाही, स्वामी चार घरांवर राहतात. मी परदेशी निघालो तेव्हा आईनं तिचे तोडे मोडून माझ्या लिंगाला चांदीची डबी करून घेतली आणि ती गळ्यात बांधायचा शिवदोरा नवा घातला. बसस्टँडवर ती फक्त एवढंच म्हणाली, "हे सांभाळ. हे तुला सांभाळंल."

शुक्रवारी सुट्टी. नावाडी एका खाडीत जाळी टाकायला जाणार होता आणि त्यानं चाचांना बोलावलं होतं. मुदखेड्या माझ्या मागं लागला.

"चल ना गड्या. दोन वर्षं समुद्राच्या काठाला राहून राहिलास आन् पाय भिजवला न्हाईस."

"मला पवता येत न्हाई."

"मला तरी कुठं येतंय? आपण बसायला चाललो, पवायला न्हाई."

"मी मासे बी खात न्हाई."

"नको खाऊ. मासेच तुला बघतील. त्यांनी बी लातूर जिल्ह्याचा माणूस कवा पाहिला असंल?"

गेलो. नावाड्याच्या घरापाशी होडीची वाट बघत थांबलो. घर म्हणजे दगडाच्या दोन खोल्या, पुढं अंजिराचं झाड, कुंपणाला फड्या निवडुंग, अगदी आमच्या शिवारातल्यासारखा. अंगणात जमिनीत खोदलेली पावसाच्या पाण्याची टाकी होती, वर दगडी तोंड. त्या मुलखात गोड पाणी तेवढंच. हिवाळ्यात पाऊस पडतो तो गच्चीवरून टाकीत उतरवायचा आणि वर्षभर पुरवायचा. कुठंही विहीर दिसली की वाकून बघायची माझी सवय. मी वाकलो. तळ दिसत होता, दगडन् दगड. भिंतीवर ओलीची रेघ वर होती आणि पाणी फार खाली, म्हणजे कुठंतरी चीर होती. नावाड्याच्या बायकोनं बादली सोडली, दोर संपत आला तरी बादली पुरती बुडाली नाही. तिनं ती आडवी करून भरली. ते आडवं करणं मला ओळखीचं वाटलं. पहिला पेला तिनं मला दिला.

होडी लहान होती, चार माणसांत भरली. मागं फटफट करणारं इंजिन. मी मधोमध बसलो, एका हातानं फळी धरून आणि दुसऱ्यानं छातीवरची डबी. उघड्या समुद्रावर लाटा होडीला खालून ढुशा देत होत्या. चाचा नावाड्याशी गप्पा मारत होते, मुदखेड्या गाणं म्हणत होता, मी फक्त पुढच्या खडकाकडं बघत होतो आणि तो जवळ का येत नाही याचा विचार करत होतो.

खडकाला वळसा घातला आणि सगळं थांबलं. दोन्ही बाजूंनी बैलाच्या शिंगांसारखे कडे आत वळलेले, मधे वाकडी पांढरी वाळू, आणि त्यात पाणी असं की हललं तर आवाज होईल म्हणून हलत नसावं. वाऱ्याचा मागमूस नाही. कड्यावरच्या झुडपांचा वास आला, ओव्यासारखा. जमिनीवरून इथं यायला वाट नव्हती, होडीनंच यायचं. नावाड्यानं इंजिन बंद केलं. मला आठवतं, पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आईला हे दाखवायला पाहिजे होतं. एवढं पाणी, आणि कुणी रांगेत नाही.

मी होडीच्या कडेवरून खाली बघितलं. तळ दिसत होता. गोटे दिसत होते, एक लाल, एक पट्ट्यापट्ट्यांचा, वाळूवरच्या रेघा दिसत होत्या, होडीची सावली दिसत होती. वाळूचा काठ पंधरा-वीस पावलांवर. कधी एकदा पाय जमिनीला लागतो असं झालं होतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि होडीतून उतरलो.

पाय लागलाच नाही.

बुडण्याबद्दल मला फार सांगता येत नाही. नाकातून डोक्यात खारट आग गेली. वर होडीचं बूड दिसलं, काळं, शेवाळलेलं, आणि मला वाटलं की दोर कुणी सोडला, मी विहिरीत आहे, वर ओढा. ओरडायला तोंड उघडलं ते पाण्यानं भरलं. चपला मी सोडल्या नव्हत्या म्हणे. मग मानेला एकदम फास बसला. नावाड्यानं होडीतून ओणवं होऊन हात घातला होता, त्याच्या मुठीत माझी कॉलर आली आणि कॉलरीबरोबर शिवदोरा. ओढलं तसा दोरा तुटला, कॉलर फाटली, मी पुन्हा खाली. तेव्हा तो कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि केसांना धरून मला वाळूवर नेलं.

पालथा घालून त्यानं माझ्या पाठीवर थापा मारल्या. पाणी आलं, सकाळचा चहा आला. मुदखेड्या शेजारी गुडघ्यावर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता तरी तोंड गप्प बसेना.

"अबे, कुठं उतरलास? स्टेशन आलं न्हवतं अजून."

"तळ दिसत होता," मी म्हणालो.

"मग?"

"तळ दिसत होता ना."

चाचांना ते कळलं. उदगीरच्या विहिरी त्यांनी पाहिल्या होत्या. ते हसले नाहीत. त्यांनी नावाड्याला त्याच्या बोलीत समजावलं की हा ज्या मुलखातला आहे तिथं खालचा दगड दिसला म्हणजे पाणी सरलं असं धरतात. नावाडी माझ्याकडं वळला आणि हात छातीवर ठेवून काहीतरी बोलला. चाचा म्हणाले, "बोलरा के उसके घर की टाकी में भी अबी वइच हाल है."

त्यानं छातीवर हात ठेवला म्हणून माझाही हात छातीवर गेला. तिथं काही नव्हतं.

मी उठून पाण्याकडं धावलो तोच मुदखेड्यानं कंबर धरून मला पाडलं. "लिंग गेलं," मी म्हणालो. मला तेवढंच बोलता येत होतं. मुदखेड्याला सांगावं लागलं नाही. नावाड्याला चाचांनी सांगितलं. काय शब्द वापरले मला माहीत नाही, पण त्यात 'अमानत' हा शब्द आला तो मला कळला, आमच्याकडंही ठेवीला अमानतच म्हणतात. नावाड्यानंही तोच शब्द त्याच्या उच्चारात परत म्हटला आणि आपल्या मुठीकडं बघितलं. तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा अजून त्याच्या बोटांत होता.

आम्ही होडी पुन्हा त्या जागेवर नेली. मी आडवा पडून कडेवरून डोकं बाहेर काढलं, मुदखेड्या माझ्या पायांवर बसला. आणि डबी दिसली. खाली, त्या पट्ट्याच्या गोट्यापासून हातभर अंतरावर, कडेला एक काळी कपार, तिच्या तोंडाशी चांदी चकाकत होती. हात लांब केला तर लागेल अशी. मी हात लांब केलाही. चाचांनी दोराला दगड बांधून सोडला. दगड खाली जात राहिला, जात राहिला, मला वाटलं थांबणारच नाही. दोन पुरुष खोल पाणी होतं.

नावाडी सदरा काढून पाण्यात शिरला. वरून सगळं दिसत होतं, हेच वाईट होतं. तो बेडकासारखा पाय मारत खाली जाताना दिसला, कपारीत हात घालताना दिसला. त्याच्या हाताच्या धक्क्यानं पाणी हललं आणि चकाकी आत सरकली. तो वर आला, मोकळा. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो एका कानावर तळवा दाबून धरत होता. चाचा त्याला बस म्हणाले. त्यानं बोट वर करून आणखी एकदा म्हटलं आणि चौथ्यांदा गेला.

मी काय करत होतो? फळी धरून बसलो होतो. माझं लिंग, माझी चूक, आणि खाली जात होता तो म्हातारा. मला जाता येत नव्हतं, त्याला नको म्हणवत नव्हतं, जा म्हणण्याचं तोंड नव्हतं. मनातल्या मनात मी जाच म्हणत होतो, हे खरं आहे.

चौथ्यांदा वर आला आणि त्यानं खाडीच्या तोंडाकडं बघितलं. "हवा," तो म्हणाला. आमचाच शब्द. बाहेरच्या पाण्यावर पांढरे फटकारे उठले होते, वारा फिरला होता. आता निघालो नाही तर निघता येणार नव्हतं. त्यानं जाळ्याचं एक बूच दोराला बांधलं, दुसऱ्या टोकाला दगड, आणि त्या जागेवर सोडून दिलं. खूण म्हणून. मी निघायला तयार नव्हतो. मी म्हणालो, मला वाळूवर सोडा, मी इथं थांबतो. मुदखेड्या म्हणाला, "थांबून काय करशील? बघत बसशील?" ते खरं होतं. इंजिन सुरू झालं. बूच लहान होत गेलं, मग खडक आड आला.

शुक्रवार दुपारपासून मी जेवलो नाही.

चाचांनी रात्रीचं ताट आणलं आणि तसंच परत नेलं. शनिवारी कामावर गेलो, कारण आजारी म्हणून लिहून द्यायचं तर डॉक्टर तपासणार आणि त्याला काय सांगायचं? दुसऱ्या मजल्याच्या पराचीवर उभा राहून प्लास्टर करत होतो, थापी भिंतीला लागत होती पण भिंत मागं सरकत होती. पाणी तेवढं पीत होतो. मुदखेड्या माझ्याच परातीतला माल कालवायला आला, त्याचं काम नव्हतं ते.

"किती दिवस चालंल हे?"

"माहीत न्हाई."

"स्वामी इथं येणार हायत का? विमानानं?"

"न्हाई."

"मग तू काय मरतोस काय बे?"

मी तोच हिशोब करत होतो. गावी जायचं तर करार संपायला आठ महिने. टपालानं नवं लिंग मागवावं तर पत्र जायला-यायला महिना-दीड महिना, आणि मागवायचं म्हणजे आईला कळवायचं. आणि जेवावं, तर आईनं पुढच्या पत्रात विचारल्यावर काय लिहायचं? संध्याकाळी कागद घेऊन बसलो. पाकिटावर गाव लिहिलं, तालुका लिहिला, जिल्हा उस्मानाबाद लिहिलं, खोडलं, लातूर लिहिलं. आत 'तीर्थरूप आईस' एवढंच. त्याच्या पुढं अक्षर उमटलं नाही. जिल्हा बदलला, गळ्यातलं गेलं, आणि मी होतो तिथंच, मला वाटत होतं माझा पत्ताच राहिला नाही.

मुदखेड्या माझ्या शेजारच्या खाटेवर पडून होता. छताकडं बघत म्हणाला, "तुझा देव बरा हाय. समुद्रात पडून सोताला पवता येतंय का बघून राहिला." मग कूस बदलून, "चुकलं बाबा माझंच. मीच तुला चल म्हनलो." शनिवारी त्यानंही जेवण घेतलं नव्हतं, हे मला चाचांनी नंतर सांगितलं. त्यानं कबूल केलं नाही. पोट बिघडलं होतं म्हणाला.

समुद्र शनिवारभर खवळलेला होता. रविवारी पहाटेआधीच वारा पडला. दुपारच्या सुट्टीत मी पराचीखाली सावलीला बसलो होतो, डोळ्यांपुढं ठिपके नाचत होते. चाचांनी फाटकातून हाक मारली. फाटकाबाहेर नावाडी उभा होता. एका हातात पत्र्याचा डबा, दुसरी मूठ मिटलेली. चालत आला होता, भर उन्हात.

मी जवळ गेलो. त्यानं मूठ उघडली नाही. आधी डबा चाचांच्या हातात दिला, खुणेनं ओत म्हणाला. चाचांनी ओतलं. त्यानं त्या धारेखाली मूठ धरली, हळूहळू उघडली, आणि पाणी तळहातावरून वाहू दिलं. डबी ठेचली होती, एका कोपऱ्याला चेपलेली, पण बंद होती. समुद्राचं मीठ लागलेलं तसंच द्यायला नको म्हणून तो ते गोड पाणी घरून घेऊन आला होता. त्याच्या टाकीतलं. ज्या टाकीत बादली आडवी करावी लागते त्या टाकीतलं जवळजवळ डबाभर पाणी त्यानं मातीत जाऊ दिलं.

त्याला आमची पूजा कोण सांगणार? चाचांनी सांगितली नव्हती. पण तळहातावर घेऊन त्यावर पाणी घालायचं, हे त्यानं जसं केलं तसंच आमच्यात करतात. मी दोन्ही हात पुढं केले.

डबी उघडून बघितली. आत होतं. मी तिथंच फाटकाच्या आडोशाला बसलो, डाव्या तळव्यावर घेतलं, डब्यात तळाशी राहिलेलं पाणी घातलं. मग चाचांनी गूळ-भाकरीचा काला समोर ठेवला. नावाडी माझं खाऊन होईपर्यंत उभा राहिला. मी त्याला काहीतरी बोललो, त्यानं मान वाकडी करून उजवा कान पुढं केला. तेव्हा मला दिसलं. डाव्या कानात कापूस, कापसावर पिवळट डाग. चाचांनी विचारलं. स्पंजच्या दिवसांपासून तो कान दुखरा होता, म्हणाला. आज पहाटे खाडीत पुन्हा खाली गेल्यावर आत काहीतरी फुटल्यासारखं झालं. आता त्या बाजूनं समुद्र ऐकू येत नाही. आणि वर हसून म्हणाला, बायको त्याच बाजूला झोपते, म्हणजे फायदाच.

चाचा हसले. मला हसता आलं नाही.

सोमवार-मंगळवार आम्हाला जादा काम होतं. बुधवारी लवकर सुटलो तसा मी आणि चाचा नावाड्याच्या घरी गेलो. अंगणातल्या टाकीत मी शिडीनं उतरलो. किती वर्षांनी असा खाली उतरत होतो. घोटाभर पाणी. हात फिरवत गेलो आणि उत्तरेच्या भिंतीत, तळापासून दोन हात वर, बोट थांबलं. वीतभर चीर, आतून गार हवा येत होती. हीच. अर्ध्या दिवसाचं काम. चीर खोलवर खरवडायची, चुना-सिमेंट ठासायचं, वर घोटून लिंपायचं, दोन दिवस ओलं ठेवायचं, आणि पावसाळ्याआधी व्हायला पाहिजे. त्यांचा पावसाळा हिवाळ्यात, अजून महिना होता. मी खालून वर बघितलं. टाकीच्या तोंडात दोन डोकी, त्याचं आणि बायकोचं. मी चाचांना ओरडून सांगितलं, परवा शुक्रवारी येतो, थापी आणि माल घेऊन. चाचांनी सांगितलं. नावाड्यानं नीट ऐकू यावं म्हणून उजवा कान खाली केला आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

गुरुवारी सकाळी हजेरीला नावं पुकारली. ज्यांची नावं पुकारली त्यांनी सामान बांधा, दुपारी ट्रक. आतल्या वाळवंटातल्या कामावर बदली. माझं नाव चौथं. मी साहेबांना म्हणालो, शनिवारी जातो. साहेबांनी यादीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मुदखेड्याचं नाव नव्हतं, चाचांचंही नव्हतं. मी मुदखेड्याला चीर कुठं आहे ते सांगितलं. तो म्हणाला, "मी सुतार हाय गड्या, मी बुजवलं तर आणखी गळंल." आणि ट्रक निघाला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. करार संपला, तो पुन्हा वाढवला, कारण घरी पुन्हा पाऊस नाही आणि बहिणीचं लग्न काढलंय. इथं चारी बाजूंना वाळू आहे, खाडी नाही, लाट नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो आणि किनाऱ्याच्या बाजूला जायला परवाना लागतो. दोनदा मागितला, मिळाला नाही. नावाड्याच्या घराला नंबर नाही, टपाल कसं पाठवू? आणि चाचांनी त्याला सांगितलं असेल-नसेल, तो शुक्रवार माझ्या डोक्यातून जात नाही. तो अंगणात बसला असेल, बायकोनं टाकीवरचं झाकण काढून ठेवलं असेल, आणि हा गवंडी आलाच नाही. ज्यानं माझ्यासाठी कान घालवला त्याला मी दिलेला पहिला शब्दच खोटा पडला.

तीन महिन्यांपूर्वी सिमेंटच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर किनाऱ्याकडं निघाला होता. त्याच्याकडं निरोप दिला, चाचांकडून नावाड्याला पोचवायला, की मी पळालो नाही, मला नेलं. पंधरा दिवसांनी ड्रायव्हर परत आला. निरोप पोचला होता. उत्तर चाचांनी एका कागदावर लिहून दिलं होतं, आपल्या उर्दू अक्षरात, ते मला इथल्या एका हैदराबादच्या माणसाकडून वाचून घ्यावं लागलं. म्हातारा म्हणतो, टाकी कुठं पळून गेली नाही. पाऊस पडला तेव्हा अर्धी भरली आणि चिरीपर्यंत खाली आली. चिरीच्या खालचं त्यांना पुरतं. आणि त्या लातूरवाल्याला सांगा, येताना होडीनं येऊ नकोस.

डबीचा चेपलेला कोपरा मी सरळ केला नाही. रोज सकाळी तळव्यावर घेतो तेव्हा तो बोटाला लागतो. आईला अजून काही कळवलेलं नाही. डबी कशानं चेपली ते तिला मी समोर बसूनच सांगणार आहे, आणि ते सांगताना पुढचं, टाकीचंही सांगता आलं पाहिजे.

माझी थापी मी वेगळी ठेवली आहे, इथल्या कामाला ती वापरत नाही. करार संपला की विमान किनाऱ्यावरूनच सुटतं. एक दिवस आधी सोडा म्हणून मी आत्तापासून अर्ज देऊन ठेवलाय. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वेळी, पण मी येणार. उत्तरेची भिंत, तळापासून दोन हात वर. ती चीर मी माझ्या हातानं बुजवीन बाबा, आणि तुमच्या टाकीत एवढं पाणी उभं राहील की वाकून बघितलं तर तळ दिसणार नाही.